‘काइंडली’ लिहूनही उद्धट का वाटते?

पुण्याजवळच्या एका कारखान्यात नियोजनाचे काम पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, इंग्लंडमधील ग्राहक कंपनीच्या अभियंता बाईंना त्यांनी ‘काइंडली सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग्ज बाय फ्रायडे अँड डू द नीडफुल’ असा ईमेल पाठवला. ड्रॉइंग्ज वेळेवर आली, पण सोबतचे उत्तर एका ओळीचे आणि कोरडे होते. पुढे तिकडच्या वरिष्ठांनी इकडच्या वरिष्ठांच्या कानावर घातले की, तुमच्या माणसाची भाषा फर्मान सोडल्यासारखी असते. ‘जरा टॅक्टफुल, डिप्लोमॅटिक लिहायला शिका’ असा सल्ला मिळाल्यावर हे गृहस्थ चक्रावले आहेत. ‘काइंडली म्हणजे कृपयाच ना? मग चुकले कुठे? ‘टॅक्टफुल’, ‘डिप्लोमॅटिक’ या दोन शब्दांना मराठीत काय म्हणावे? आणि आता माफी मागावी काय?’ असे त्यांचे प्रश्न आहेत.

चूक इंग्रजी शब्दांची नाही, कारण वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नाही. आपण मराठीत जी नम्रता ‘कृपया’मध्ये आहे असे समजतो, ती मुळात तिथे नसते, आणि त्यामुळे ‘कृपया’चे भाषांतर केले तरी ती पलीकडे पोचत नाही. पडताळा घ्यायचा असेल तर ‘कृपया सुधारित आराखडे शुक्रवारपर्यंत पाठवावेत’ या वाक्यातून ‘कृपया’ काढून टाकावे. वाक्य तितकेच अदबशीर राहते. उलट ‘कृपया गप्प बस’ असे म्हटले, तर त्या ‘कृपया’ने धार कमी होण्याऐवजी वाढतेच. घरात तर हा शब्द आपण वापरतच नाही. ‘जरा पाणी देतेस का?’ म्हणणारा मुलगा आईला कृपया म्हणत नाही. ‘जरा’ आणि ‘का’ हे दोन बारके शब्द त्याचे काम करतात. ‘कृपया’ राहिला आहे तो रेल्वेच्या उद्घोषणेत आणि ‘कृपया येथे थुंकू नये’ अशा पाट्यांवर, आणि त्या पाट्यांखालच्या भिंती पाहिल्या की त्याचे वजन किती उरले आहे ते कळते.

मग नम्रता असते कुठे? ती क्रियापदात असते. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ हे आज्ञार्थ झाले. ‘पाठवावेत’ हा विध्यर्थ, आणि त्याची गंमत अशी की ‘आपण आराखडे पाठवावेत’ या वाक्यात क्रियापद ‘आपण’शी जुळत नाही, ते ‘आराखडे’शी जुळते. पत्र हातात असतानाही ते क्रियापद वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहते. त्यावर ‘आपण’ हे आदरार्थी सर्वनाम आणि शेवटी ‘ही विनंती’ एवढे जोडले की मराठी वाचकाला कुठेही हुकूम वाटत नाही, मग मुदत शुक्रवारची असो की आज संध्याकाळची. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या सरकारी वाक्यात तर कर्ताच नाहीसा होतो. कार्यवाही कोणी करायची ते प्रत्येकाला माहीत असते, पण बोट कोणाकडेही दाखवलेले नसते.

इंग्रजीत यातले काहीच हाताशी नाही. तिथे एकेकाळी ‘तू’साठी ‘दाऊ’ होते, पण प्रमाण इंग्रजीतून ते 17व्या–18व्या शतकात मागे पडले आणि साहेबाला, शिपायाला, आईला आणि कुत्र्याला एकच ‘यू’ उरले. विध्यर्थाची आपल्यासारखी सोयही तिथे नाही. त्यामुळे ‘सेंड’ हे क्रियापद पुढे काहीही लावले तरी आज्ञार्थीच राहते आणि समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहते. त्यात ‘काइंडली’ हा शब्द आजच्या ब्रिटिश कानाला जुनाट किंवा त्रासिक वाटतो. ‘वुड यू काइंडली स्टॉप दॅट’ हे वाक्य ज्याचा संयम संपत आला आहे त्याच्या तोंडी शोभते. ‘डू द नीडफुल’चेही तसेच आहे. हा प्रयोग आपण घडवलेला नाही. तो खुद्द ब्रिटनमध्ये रूढ होता, तिथे मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांत टिकला, बहुधा ‘योग्य ती कार्यवाही’ हे त्याचे जुळे भावंड इथेच नांदत असल्यामुळे. ब्रिटिश वाचकाला मात्र त्यातून ‘काय करायचे ते तुमचे तुम्ही ओळखा’ असे ऐकू येते.

आदरार्थी सर्वनाम आणि विध्यर्थ नसलेली भाषा नम्र व्हायचे झाले तर काय करते? ती हुकमाचा प्रश्न करते आणि वर्तमानाचा भूतकाळ करते. ‘कॅन’चे ‘कुड’ होते, ‘विल’चे ‘वुड’ होते, ‘आय वाँट टू आस्क’चे ‘आय वॉज वंडरिंग इफ’ होते. वर्गात हे नियम म्हणून शिकवले की कृत्रिम वाटतात, पण साहेबांच्या दारात उभे राहून आपण काय म्हणतो ते आठवावे: ‘सर, एक विचारायचं होतं.’ विचारायचे आत्ताच असते, तरी ‘होतं’ म्हणतो. ‘जरा काम होतं तुमच्याकडे’ म्हणणाऱ्याचे काम काही काल संपलेले नसते. भूतकाळात एक पाऊल मागे सरकून आपण समोरच्याला नाही म्हणायला जागा करून देतो, आणि इंग्रजी ‘वॉज वंडरिंग’ नेमके तेच करते. प्रश्नकर्त्यांनी ‘कृपया पाठवावे’ या कचेरीच्या मराठीवरून इंग्रजी उभे केले. ‘एक विचारायचं होतं’ या दारातल्या मराठीवरून ते उभे केले असते, तर बहुतेक नीट उतरले असते.

आता ‘टॅक्टफुल’ आणि ‘डिप्लोमॅटिक’. ‘टॅक्ट’च्या मुळाशी लॅटिनमधला स्पर्शवाचक शब्द आहे. त्यासाठी कचेरीत ‘सौजन्यपूर्ण’ चालवतात, पण त्यात नुसती सभ्यता येते, समोरच्याचे दुखरे ठिकाण चाचपून हात हलका ठेवणे येत नाही. मी ‘मन राखून लिहिणे’ म्हणेन. ‘डिप्लोमॅटिक’साठी ‘धोरणाने’ पुरेसे आहे. ‘मुत्सद्देगिरी’ हा शब्द ईमेलपुरता फार भारदस्त होतो, जरी त्याचे कूळ पाहिले तर तो इथे शोभावा. ‘डिप्लोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये दुमडलेला कागद, त्यावरून सरकारी दस्तऐवज, आणि दस्तऐवजांवरून राजनय. आपला ‘मुत्सद्दी’ अरबीतून फारसीमार्गे आला तो दफ्तरातल्या कारकुनाला, कारभाऱ्याला लावला जाणारा शब्द म्हणून. दोन्हीकडचे राजकारणी असे कागदातून वर आले आहेत. पेशवाईतल्या पत्रांत तर अखेरच्या एक-दोन शब्दांवरून नाते कळत असे: वडीलधाऱ्याला ‘हे विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘हे विनंती’, धाकट्याला ‘हे आशीर्वाद’, आणि हुकूम असेल तर ‘जाणिजे’. आपल्या प्रश्नकर्त्यांनी मनात ‘हे विनंती’ धरून लिहिले आणि तिकडे ‘जाणिजे’ वाचले गेले.

मात्र मऊ शब्द दिसला की तो नम्रच असतो असे समजू नये. ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ म्हणजे ‘मागच्या वेळी लिहिले होते, वाचायला काय झाले?’ हा शुद्ध शालजोडीतला आहे. ‘जेंटल रिमाइंडर’ दुसऱ्यांदा आला की त्यातले ‘जेंटल’ गळून पडते. आणि पत्र एकाला लिहून प्रत त्याच्या वरिष्ठाला लावणे म्हणजे तर लेकी बोले सुने लागे. ‘यू हॅव नॉट सेंट’ लिहिण्याऐवजी ‘आय डोन्ट सीम टू हॅव रिसीव्ह्ड’ लिहावे; आपण ‘अहवाल आलेला दिसत नाही’ म्हणतो त्यातले ‘दिसत’ ते हेच. मात्र ‘रिप्लाय’च्या जागी ‘रिव्हर्ट’ वापरू नये. ‘उत्तर द्या’ या अर्थाने तो भारतात सर्रास चालतो, पण ब्रिटिश वाचकाला त्याचा पहिला अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा लागतो, आणि ड्रॉइंग्जच्या संदर्भात ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिले तर सुधारित आराखडा सोडून जुन्याकडे जायचे आहे असाही समज होऊ शकेल.

तेच पत्र मी असे लिहीन: ‘वुड यू बी एबल टू सेंड अस द रिव्हाइज्ड ड्रॉइंग्ज बाय फ्रायडे? वी हॅव टू प्लेस द स्टील ऑर्डर ऑन मंडे.’ पहिल्या वाक्यात प्रश्न आहे, आणि दुसऱ्यात कारण. मराठी पत्रात कारण दिले नाही तरी ‘ही विनंती’ सांभाळून घेते, इंग्रजीत मात्र कारणाशिवाय दिलेली मुदत अरेरावीची वाटते. शुक्रवार तसाच ठेवला आहे हेही पाहावे. नम्रतेच्या भरात ‘व्हेनेव्हर कन्व्हीनिअंट’ लिहिले, तर पुढचा माणूस ते खरे मानेल आणि सोमवारी स्टीलची ऑर्डर अडेल.

माफीचे विचाराल तर स्वतंत्र माफीपत्र पाठवू नये. ज्या गोष्टीचा उच्चार त्या बाईंनी स्वतः तुमच्याशी केलेला नाही, ती उकरून काढल्याने त्याच अवघडतील. पुढचे काम निघेल तेव्हा सुरुवातीला, ड्रॉइंग्ज वेळेत मिळाल्यामुळे सोमवारी ऑर्डर देता आली, एवढे एका वाक्यात कळवावे आणि मग आपला प्रश्न विचारावा.