तीन लाखांचा ‘बोनस’ आणि अंदमान

प्रश्न (पत्र संक्षिप्त केलं आहे) : मी ४१ वर्षांचा आहे, नाशिकला खासगी कंपनीत नोकरी. हातात महिना ९२ हजार येतात. पत्नी घर सांभाळते. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. आई (६६) आणि बाबा (७१) आमच्याकडेच असतात. गृहकर्ज ३४ लाख बाकी आहे, हप्ता ३३ हजार, व्याज साडेआठ टक्के. एफडी साडेतीन लाख. पाच हजारांची एसआयपी आहे. बाबांना सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची फार इच्छा आहे, म्हणून दिवाळीत सहाही जणांनी अंदमानला जायचं ठरवलंय. सहा रात्री, पाच बेटं, पॅकेज ३ लाख १० हजार. एफडी मोडू, की हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेऊ? क्लबचे ३ लाख ६० हजार, १० वर्षं, वर्षाला ६ रात्री, ३६ बिनव्याजी हप्ते. ११ हजार टोकन दिलं आहे. ऑक्टोबरमध्ये विमा पॉलिसीचा तीन लाखांचा बोनस मिळणारच आहे, त्यामुळे पैशांची तशी चिंता नाही. मुलीला स्कूबा करता येईल का, तेही सांगा.

उत्तर : चिंता नाही, हे वाक्य सोडलं तर तुमचं पत्र छान आहे.

आधी क्लब निकालात काढू. ३ लाख ६० हजारांत १० वर्षांच्या ६० रात्री, म्हणजे रात्रीला ६ हजार. त्यावर वार्षिक देखभाल शुल्क. पत्रासोबत जोडलेल्या माहितीपत्रकात ते १४ हजार आहे, आणि ‘वेळोवेळी बदलू शकते’ ही ओळ बारीक टायपात खाली दिली आहे. रात्रीला आणखी २,३०० धरा. झाले ८,३००, तेही फक्त खोलीचे. विमान, बोट, जेवण सगळं पदरचं. एका खोलीत चार माणसं राहणार, तुम्ही सहा. दोन खोल्या घेतल्या की सहा रात्रींच्या तीन झाल्या आणि रात्रीचा भाव १६ हजारांच्या पुढे गेला. शिवाय तुमच्या ‘रंगा’च्या सभासदत्वात (क्लब हंगामांप्रमाणे सभासदत्वाला रंगांची नावं देतो) दिवाळीचा आठवडा बसतच नाही, तेही त्याच पत्रकात लिहिलंय. मॉलमध्ये कुपन भरून घेतात, हॉटेलात जेवायला बोलावतात आणि उठताना सही मागतात. आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा जुनाच आहे. बिनव्याजी हप्त्याचं म्हणाल, तर शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रोसेसिंग फी आणि रोखीची सवलत गमावणं, हेच ते व्याज.

आजच मेल पाठवून सभासदत्व नको असल्याचं लेखी कळवा. करारात रद्द करण्याची मुदत दिली असेल तर ती टळू देऊ नका. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि ११ हजार परत मिळाले नाहीत, तर त्यांच्यावर पाणी सोडा. त्यांच्यासाठी साडेतीन लाख घालवू नका.

क्लबचा हप्ता भरणार तरी कुठून होतात, तेही बघू. ९२ हजारांतून घराचा हप्ता ३३, घरखर्च ४०, एसआयपी ५ आणि पॉलिसीचे वर्षाला १ लाख २० हजार म्हणजे महिना १० हजार. उरले ४. क्लबचा हप्ता १० हजार. दर महिन्याला ६ हजारांचा खड्डा, आणि अजून कुणी आजारी पडलेलं नाही.

आता त्या बोनसकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं झालं. ही २० वर्षांची मनी-बॅक पॉलिसी आहे. हप्ता १५ वर्षं, विमा रक्कम १५ लाख, सुरुवात ऑक्टोबर २०२१. दर पाच वर्षांनी विमा रकमेच्या २० टक्के परत, म्हणजे ३ लाख. याला बोनस म्हणत नाहीत. पाच वर्षांत तुम्ही ६ लाख भरलेत, त्यातले अर्धे तुम्हालाच परत मिळतायत. खरा बोनस पॉलिसीच्या खात्यात नुसता लिहून ठेवला जातो आणि शेवटी मिळतो. आणि एक गोष्ट एजंटने सांगितलेली दिसत नाही : ज्या तारखेला हे तीन लाख येणार, त्याच तारखेला सहावा हप्ता भरायचा आहे. म्हणजे हातात राहणार १ लाख ८० हजार. तुमच्या हिशेबात हे तीन लाख एकदा मोडलेल्या एफडीच्या जागी धरले आहेत, एकदा क्लबच्या हप्त्यांसाठी.

‘बारा टक्के सुटतात’ असं एजंट म्हणाला, असंही तुम्ही लिहिलंय. त्याने दिलेल्या कागदावरचेच बोनसचे आकडे धरले तर १८ लाख भरून २० वर्षांत साधारण २७ लाख मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण पैसे कधी गेले आणि कधी आले हे पाहिलं, की परतावा साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर येतो. बँकेला साडेआठ टक्के देताय आणि विमा कंपनीकडून साडेचार घेताय. करबचतीसाठी घेतली म्हणता, पण आता तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे ८० सीची करवजावट नाहीच.

तरीही मला परताव्याची एवढी काळजी नाही. माझं लक्ष आहे त्या १५ लाखांवर. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरात १५ लाख आणि थोडाफार बोनस येईल आणि दारात बँकेचे ३४ लाख उभे असतील. पाच माणसं तुमच्या एकट्याच्या पगारावर जगतात आणि त्या पगाराचा विमा कर्जाच्या निम्माही नाही. हे तुम्ही विचारलं नव्हतं, मला कल्पना आहे. पण पाच पानी पत्रात बेटांची नावं दोनदा आली आणि टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा) हा शब्द एकदाही आला नाही.

कर्ज ३४ लाख, घरखर्च वर्षाला पावणेपाच लाख, मुलांची शिक्षणं पुढेच. दीड कोटीचं टर्म कव्हर हवं, साठीपर्यंत. सिगारेट ओढत नसाल आणि तपासण्या ठीक आल्या, तर वर्षाला २५-३० हजारांत बसेल. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसी घेताना विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे घ्या. फॉर्ममध्ये एक खूण करून एक जोडपत्र भरायचं असतं. मग त्या पैशांवर कर्ज देणाऱ्यांना हात टाकता येत नाही. हे फक्त पॉलिसी घेतानाच करता येतं, नंतर नाही. फॉर्ममध्ये शुगर, बीपी, काहीही लपवू नका.

टर्म पॉलिसी हातात आली, की जुनी पॉलिसी पेड-अप करा. म्हणजे सहावा हप्ता भरायचा नाही, आणि जेवढे हप्ते भरले तेवढ्या प्रमाणात पॉलिसी चालू राहील. शेवटी हाती पाचेक लाख येतील असा माझा अंदाज आहे, नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या. सरेंडर केली, म्हणजे आताच मोडली, तर काय मिळेल तेही त्याच अर्जात विचारा. हमीचं सरेंडर मूल्य या टप्प्यावर भरलेल्या रकमेच्या निम्मं असतं आणि त्यातून आधी मिळालेले तीन लाख वजा होतात, तेव्हा फार आशा ठेवू नका. ‘एवढे भरलेत, आता कशाला मोडायची?’ असं घरात कोणी म्हणेलच. तोही हिशेब मी केला. यापुढचे दहा हप्ते भरलेत तर त्यांच्यावर सहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. पहिल्या पाचांपेक्षा बरे, पण गृहकर्जापेक्षा अडीच टक्के कमीच. हाच क्रम पाळा मात्र : आधी टर्म, मग पेड-अप. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तरी अर्ज याच महिन्यात करा. वैद्यकीय तपासणीत कधी कधी आठवडे जातात.

आई-बाबांचा विमा? कंपनीचा तीन लाखांचा विमा तुम्हा चौघांपुरता आहे असं तुम्हीच लिहिलंय. बाबांचं सत्तर उलटलंय, तेव्हा आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड त्यांना मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधारवर काम होतं. नाशिकमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते बघून ठेवा. आईसाठी मात्र विकत घ्यावा लागेल, वर्षाला ३५ हजारांच्या घरात. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आणखी लांबवू नका.

पॉलिसीच्या हप्त्याच्या वाचलेल्या एक लाख वीस हजारांतून टर्मचे ३० आणि आईचे ३५ गेले, तरी ५५ हजार उरतात. ते दर वर्षी गृहकर्जात टाका. पंधरा वर्षांचं उरलेलं कर्ज बाराव्या वर्षाच्या सुमाराला संपेल.

एसआयपीचं एका वाक्यात. अठरा टक्के धरून मुलीच्या इंजिनिअरिंगला १२ लाख होतील असं तुम्ही लिहिलंय. पाच हजार महिना, सात वर्षं, अठरा टक्क्यांनीसुद्धा सव्वाआठच लाख होतात, आणि अकरा टक्क्यांनी सव्वासहा. अठरा टक्के कुणी सांगितले, ते मी विचारत नाही.

आता अंदमान. जा. नक्की जा, ७१ वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नये. फक्त दिवाळीत नको, फेब्रुवारीत जा. नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ असतो. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमानाचे भाव तर दिवाळीचेच. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, तिकिटं स्वस्त असतात. मुलांची चार-पाच दिवस शाळा बुडेल, बुडू द्या.

पाच बेटंही नकोत. बाराटांग बेटाला पहाटे तीन-चारला निघावं लागतं, जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, पुढे बोट, पुढे चुनखडीच्या गुहेपर्यंत चालणं. बाबांच्या गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंय. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. त्याच दिवशी सेल्युलर जेल सावकाश बघा. कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिन्याला वेळ द्या. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. मग हॅवलॉक बेटावर दोन रात्री, नील बेटावर एक, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कापायला ट्रॅव्हलवाला सांगेल, ऐकू नका. नीलहून सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा बेत केला आणि बोट रद्द झाली, तर सहा तिकिटं समुद्रात.

हॅवलॉकला खासगी कॅटामरान (जलद बोट) दीड तासात पोचते. सरकारी बोट बरीच स्वस्त, पण अडीच तास घेते आणि तिची तिकिटं मिळवणं हे वेगळंच काम आहे. आई-बाबा बरोबर आहेत, खासगी घ्या. ढोबळ हिशेब : विमान माणशी १५ हजार, म्हणजे ९०. बोटींचे तीन टप्पे ३०. दोन खोल्या, पाच रात्री, ४०. गाड्या १८. जेवणखाण २५. तुमचं आणि मुलीचं स्कूबा ८. झाले दोन लाख अकरा हजार. पॉलिसीच्या तीन लाखांतून पहिल्या वर्षाचा टर्म आणि आईचा विमा भरून २ लाख ३५ हजार उरतायत. एफडीला हात लावायचा नाही. ती एवढ्या घराची पाच महिन्यांचीही तरतूद नाही.

स्कूबाला बहुतेक ठिकाणी वयाची अट दहा वर्षांची असते, मुलगी बसते. पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक धरूनच नेतो. सर्दी असेल तर मात्र उतरू देऊ नका, कान दुखतात. मुलाला नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट आहे, तो तिथेच खूश होईल.

आणि एजंट रोज फोन करतो, त्याला काय सांगू, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. त्याला एवढंच म्हणा : सहावा हप्ता न भरता पेड-अप केली तर २०४१मध्ये किती मिळतील, ते कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी आणून द्या. फोन आपोआप कमी होतील.