सुट्टीचा खर्च डोईमागे वाढू देऊ नकोस

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरहून येणारी आत्या आणि तिच्या दोन मुली धरून घरात १९ माणसं, त्यांत नऊ पोरं, आणि आजोबांनी यंदाची सुट्टी तुझ्यावर सोपवलेली. तू केलेली यादी वाचली. वॉटर पार्क, मॉलमधले गेम, गोव्याला भाड्याची गाडी. यातलं काही वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीचा खर्च डोईमागे वाढणारा आहे. माणशी १०० रुपये जास्त लागले की तुझे १,९०० गेले. चौघांच्या घराला जे जमतं ते तुझ्या घराला म्हणूनच जमत नाही, आणि त्यात तुझ्या पगाराचा काही दोष नाही. माणसं वाढली तरी खर्च जिथल्या तिथे राहील अशा गोष्टी आधी निवड. त्या तुझ्या घरात आणि गावात भरपूर आहेत.

आधी तारखा बघ. आपल्या बेळगावकडच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात नि मे संपता संपता भरतात. आत्याच्या पोरींची शाळा मेच्या सुरुवातीला सुटते आणि जूनच्या मध्यावर भरते. म्हणजे सगळी पोरं एकत्र सापडतात ती मे महिन्यातच. एप्रिल घरच्या पोरांसाठी ठेव, बाहेर जायचं ते मेमध्ये.

एप्रिलमध्ये एकच काम मनापासून कर: पोरांना पोहायला शिकव. तुमच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे, काका पट्टीचे पोहणारे आहेत, आणि या शिकवणीला फी नाही. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घे, झाकण घट्ट लावून पाण्यात दाबून बघ. बुडबुडे आले तर तो टाकून दे. चांगला असेल तर पोराच्या पाठीवर सुती दोरीनं बांध, छातीवरून आणि काखेतून, गाठ पुढे येऊ न देता. कमरेला दुसरा दोर, त्याचं टोक पायरीवर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हातात. शिकणारं पोर एका वेळी एकच पाण्यात, बाकीची वर बसून बघतील. हातपाय सुटले की कॅनमध्ये थोडं थोडं पाणी भरत जा, म्हणजे तो कमी उचलतो आणि पोराला कळायच्या आत ते स्वतःच्या बळावर तरंगायला लागतं. सकाळी ऊन चढायच्या आत आटपा. वळीव पडून गेल्यावर पाणी गढूळ होतं, तळ दिसत नाही, तेव्हा दोन दिवस विहीर बंद.

मुलींना यातून वगळू नकोस. त्यांची वेळ वेगळी ठेव, काकू किंवा वहिनी पायरीवर बसतील, पण शिकव. दर उन्हाळ्यात आपल्या भागात नदीच्या डोहात, धरणाच्या कडेला, खाणीच्या पाण्यात पोरं बुडतात, आणि ती बातमी वाचताना माझा जीव कासावीस होतो. म्हणून शिकवतानाच नियम घाल: मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात पाय नाही, पोहता आलं तरी नाही. खानापूरजवळ असोग्याला रामलिंगेश्वराच्या दर्शनाला गेलात तर मलप्रभेत घोट्याएवढ्या पाण्यात खेळू दे, त्यापुढे नको.

आता प्रवास. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायका-मुलींना कर्नाटक राज्याच्या साध्या गाड्यांतून तिकीट पडत नाही, हे तुला माहीतच आहे, पण तू त्याचा हिशेब मांडलेला नाहीस. मी मांडून बघितला. तुमच्या घरच्या आठ बायका-मुली फुकट. धाकटा सहाच्या आतला, तोही फुकट. राहिले दहा. आत्या आणि तिच्या मुलींचा पत्ता कोल्हापूरचा, त्यामुळे त्यांना तिकीट काढावं लागेल, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर गाडीत कंडक्टरशी वाद नि आत्याला अवघडल्यासारखं. बारापर्यंतच्या पाच पोरांना अर्धं तिकीट. म्हणजे १९ माणसं साडेसात तिकिटांत, आणि आजोबांची ज्येष्ठ नागरिकांची सवलत धरली तर त्याहून कमी. सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत घालून ती पिशवी आईकडे दे. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात चंदगडच्या बाजूला जाणार असाल तर तिथे ही सवलत चालत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीतच.

शनिवार-रविवारी गाड्या भरून वाहतात, तेव्हा मधल्या वारी जा आणि स्टँडवरूनच चढा. तरीही १९ जणांना एका गाडीत जागा मिळेल या भरवशावर राहू नकोस. घरातूनच दोन गट पाडून निघा, एक तुझ्याकडे, एक काकांकडे. कुठलं पोर कुणाच्या गटात हे त्या पोरालाही पाठ असलं पाहिजे.

जायचं कुठे? मोठी सहल एकच कर: खानापूर, तिथून नंदगड आणि पुढे हलशी. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार, १८३१ साली इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिलं. हलशी ही एकेकाळी कदंबांची राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, हे पोरांना आधी सांगू नकोस. ‘या देवळात इतर देवळांपेक्षा वेगळं काय?’ एवढंच विचार आणि शोधायला सोड. आजीला दर्शन, आजोबांना सावलीत टेकायला जागा. दुपारी तीनपर्यंत परतीची गाडी धरा, कारण मेमध्ये ढग भरून आले की आपल्याकडे वळीव विजा घेऊनच येतो, आणि पोरं नेमकी झाडाखाली पळतात. परतीची गाडी किती वाजता, हे खानापूर स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून घे.

दुसरा दिवस बेळगावात, किल्ल्यात. कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून बघायला लाव, १२०४ सालचं देऊळ आहे ते. रामकृष्ण मिशनच्या आश्रमात विवेकानंदांचा १८९२ साली मुक्काम झालेलं घर आहे. याला फक्त बसचं भाडं. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पोरींच्या सुट्टीत आली तर तीही दाखव. मात्र धाकट्यांना संध्याकाळीच घरी धाड, ती रात्रभर चालते. गोकाकचा धबधबा यादीतून काढ. ५२ मीटरची ती उडी मेमध्ये दगडावरची धार होऊन बसते, जुलै-ऑगस्टमध्ये जा.

एक गोष्ट तुझ्या यादीत कुठेच नव्हती, आणि मला ती सगळ्यांत जास्त लागली. १९ जणांचा डबा कोण करणार? सहलीच्या दिवशी तुझी आई आणि काकू पहाटे तीनला उठून शंभर चपात्या लाटणार असतील तर ती सुट्टी तुझी झाली, त्यांची नाही. आदल्या संध्याकाळी तू आणि थोरली पोरं मिळून भडंग करा. चिरमुरे कढईत कोरडे परतून कुरकुरीत करून घ्या. मग तेलात शेंगदाणे, भरपूर लसूण, कढीपत्ता तळून, हळद-तिखट गॅस बंद करून घाला, नाहीतर करपतं. त्यावर चिरमुरे, मीठ, थोडी पिठीसाखर. सोबत काकड्या, कांदे, केळी आणि एका कॅनमध्ये ताक घालून नाचणीची आंबील. पोट भरतं, उन्हाचं बाधत नाही, आणि कुणालाही पहाटे चुलीपुढे बसावं लागत नाही. रात्री परत आल्यावर पिठलं-भात पुरुषांनी करायचा. आजोबा कुरकुरतील, तरी करा.

घरी राहायचे दिवस पोरांच्या हाती दे. कुरडया, सांडगे वाळत घालायचे असतातच, गच्चीवर राखणीला दोघादोघांची पाळी लाव आणि राखणीच्या वेळी वाचायला पुस्तकं दे. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. घरातल्या एकाच्या नावानं सभासद हो, एक पुस्तक नऊ जणांत फिरेल.

सुट्टीसाठी तू काढून ठेवलेल्या आठ हजारांतले निम्मेही यात संपणार नाहीत. उरतील त्यातून शाळा भरायच्या आधी नऊही पोरांच्या वह्या आणि छत्र्या एकदम घे, घाऊकात स्वस्त पडतात. आजोळी कणकुंबीला जाणार असाल तर मला कळव. करवंदं तिकडे मेच्या मध्यापर्यंत पिकतात, पण काजूच्या ओल्या बिया पोरांना फोडू देऊ नकोस, चिकानं हात भाजतात.

तारखा ठरल्या की सांग. आईला नमस्कार.

तुझ्या
बाई