आरोग्य विमा कंपन्या फॅमिली डॉक्टरकडेच मानसिक आजाराचे उपचार मिळावेत म्हणून काय करू शकतात?

डॉक्टर बसून बोलतात त्या वेळेचे पैसे द्या. माझं निम्मं उत्तर एवढंच आहे.

बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी आईला रात्री-अपरात्री धडधड सुरू झाली. छातीत दाटायचं, हातपाय गार पडायचे. दादा तिला थेट सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा. तीन महिन्यांत दोनदा ॲडमिट. ईसीजी, टूडी इको, रक्त, सगळं नॉर्मल. दोन्ही वेळचं मिळून बिल ४१,००० रुपये, कॅशलेस मंजूर. झोप लागते का, हे तिला तिथे कुणीच विचारलं नाही.

विचारलं ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी. आई शुगरच्या गोळ्या लिहून घ्यायला गेली होती. त्यांनी बाहेरची गर्दी थांबवली आणि पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य ओळखायचा नऊ प्रश्नांचा कागद काढला. तिसरा प्रश्न झोपेचा. तिथेच आई रडायला लागली. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी गोळी सुरू केली, दर आठवड्याला बोलावलं. ती गेली नाही की त्यांची सिस्टर फोन करायची. चार महिन्यांत आई पुन्हा भजनाला जायला लागली, शुगरही उतरली. सगळा खर्च साडेपाच हजार. त्यातला एक रुपयाही विम्यातून मिळाला नाही, कारण ओपीडी पॉलिसीत बसत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण हवं. बहुतेक पॉलिसींत ते मिळतं, पण ॲडमिट झालात तर. नैराश्याचे बहुतेक पेशंट ॲडमिट होतच नाहीत! अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा २०१७ पासून अशा कामासाठी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला दरमहा पैसे देतो: पाठपुरावा करणारा माणूस आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला, दोन्ही त्यात आलं. आपल्याकडेही शुगर-बीपीच्या वार्षिक तपासणीत ते नऊ प्रश्न घाला आणि पुढच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचे पैसे डॉक्टरांना ठरवून द्या. आणि कागदावर नैराश्य लिहिलं म्हणून हप्ता वाढवू नका, नाहीतर खरं कोण सांगेल?

दादा म्हणतो, "गप्पा मारायचे पैसे कोण देणार?" गोव्यात 'मानस' नावाचा प्रयोग झाला, २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांची जोड मिळालेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नैराश्य-चिंतेचे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, जोड नसलेल्या केंद्रांत ४२ टक्के. गप्पांनी माणसं बरी होतात, दादा. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, दोन्हीकडे साधारण सारखेच बरे झाले. म्हणून नुसता समुपदेशक नेमून भागेल असं मी म्हणत नाही. पेशंटला ओळखणाऱ्या डॉक्टरला वेळ मिळायला हवा.

आणि छातीत दुखलं तर ईसीजी आधी काढाच. पहिल्यांदा ॲडमिट केलं ते बरोबर होतं, हे मी दादाला कबूल केलंय. दुसऱ्यांदा नाही.