सगळे व्हिडिओ पाहिले, तरी तीसपैकी पंधराच का?

प्रश्न : मॅडम, मी गणितात बी.एस्सी. करून बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव लातूर जिल्ह्यात. कॉलेजला जाण्या-येण्यात एसटीचे दोन तास जातात, तेवढ्या वेळात मोबाइलवर टीईटीचे (शिक्षक पात्रता परीक्षेचे) व्हिडिओ बघते. बालमानसशास्त्राचे सगळे बघून झाले, काही तर दोनदा. नोट्स एआयकडून काढून घेते, त्या छान असतात. तरी सराव चाचणीत तीसपैकी चौदा-पंधराच्या वर जात नाही. एका ऑनलाइन चाचणीत मी ‘व्हिज्युअल लर्नर’ निघाले. मग टॅब घेऊन पेड कोर्स लावू का? बाबा म्हणतात, उसाचं बिल आलं की घेऊ. मैत्रीण म्हणते, शिक्षक भरतीचा नाद सोड आणि एड-टेक कंपनीत लाग. सोबत सराव पेपरचा फोटो आणि छात्रसेवाकालातल्या (शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाच्या काळातल्या) माझ्या चिंतन-नोंदीचं एक पान पाठवते आहे.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

आधी पैशाचं बोलू, कारण उसाचं बिल यायच्या आत हे तुझ्या बाबांच्या कानावर जायला हवं. टॅब घेऊ नकोस. पेड कोर्सही तूर्त नको. तुझी अडचण स्क्रीन लहान असण्याची नाही, आणि जे मोफत मिळतंय ते कमी पडतंय असंही नाही.

तुझा सराव पेपर मी नीट पाहिला. ‘प्रयत्न-प्रमाद उपपत्ती कोणी मांडली?’ बरोबर. ‘अभिजात अभिसंधानाचा प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला?’ बरोबर. नाव विचारलं की तू चुकत नाहीस. आता एकविसावा प्रश्न बघ. पाच वर्षांच्या मीनाला दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी दाखवलं. मग तिच्यासमोरच एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं. मीना म्हणते, उंच ग्लासात पाणी जास्त. ती कोणत्या अवस्थेत आहे? तू ‘मूर्त क्रियात्मक’वर खूण केलीस. का केलीस, याचा अंदाज येतो. ग्लास आणि पाणी मूर्त आहेत, म्हणून अवस्था मूर्त. खरं तर मीनाला अजून हेच उमगलेलं नाही की भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं. ते उमगतं साधारण सातव्या वर्षानंतर, मूर्त क्रियात्मक अवस्थेत. मीना त्याच्या अलीकडे, पूर्व-क्रियात्मक अवस्थेत आहे. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या, मुलांच्या विचाराच्या चारही अवस्था वयासकट तुला पाठ असणार, पण प्रश्नात पियाजेचं नाव नव्हतं आणि तू अडकलीस. त्या पानावरच्या तुझ्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. प्रसंग दिला की त्यामागची उपपत्ती, म्हणजे सिद्धांत, ओळखता येत नाही.

असं का होतं, याचं उत्तर तुझ्याच अभ्यासक्रमात आहे. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांचं निरीक्षणातून शिकणं, म्हणजे दुसऱ्याचं बघून शिकणं, तू वाचलंयस. १९६१ चा बोबो बाहुलीचा प्रयोगही पाठ असेल. अशा शिकण्याचे चार टप्पे आठव : अवधान, धारणा, पुनर्निर्मिती, प्रेरणा. व्हिडिओ पहिला टप्पा उत्तम सांभाळतो. दुसऱ्याला थोडी मदत करतो. तिसरा, म्हणजे पाहिलेलं स्वतः करून बघणं, तुझ्या दिवसात कुठे आहे? सकाळी एसटीत बघणं, संध्याकाळी एसटीत बघणं आणि रात्री एआयनं काढलेल्या नोट्स वाचणं. या सगळ्यात डोक्यातलं बाहेर काढावं लागेल असा एकही क्षण नाही. तो थेट चाचणीत येतो.

व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना ‘हे येतं मला’ असं वाटतं. तिथेच फसगत होते. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच अंतराचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. दुसऱ्या एका गटाची परीक्षा आठवड्यानं घेतली, तेव्हा चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. तुझी टीईटी पाच मिनिटांनी नसते.

‘व्हिज्युअल लर्नर’चं लेबल काढून टाक. माणसं दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा गटांत मोडतात आणि ज्याला त्याला त्याच्या गटाप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हा समज आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात अजून बिनधास्त फिरतो. २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. गटाप्रमाणे शिकवून फायदा होतो याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तुला व्हिडिओ आवडतात, एवढंच त्या ऑनलाइन चाचणीनं सांगितलं. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते आणि कविता सगळ्यांनीच ऐकावी लागते. (पेपरात अध्ययन-शैलीवर प्रश्न आलाच, तर पुस्तकातलं अपेक्षित उत्तर लिही. गुण सोडून यायची गरज नाही.)

आता मोबाइलविषयी. मी मोबाइलच्या विरोधात नाही. लातूरच्या एसटीत बसून बालमानसशास्त्राचं चांगलं व्याख्यान ऐकता येतं, ही माझ्या पिढीला न मिळालेली चैन आहे. पण अध्यापनाचं यंत्र ही गोष्ट तुझ्या मोबाइलपेक्षा बरीच जुनी. १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले होते. सगळी मुलं एकाच वेळी तीच गणितं सोडवत होती, आणि आपलं बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. त्या अस्वस्थतेतून त्यांनी यंत्र बनवायला घेतलं. चौकटीत एक छोटा प्रश्न दिसायचा, मूल स्वतः उत्तर लिहायचं आणि मगच खरं उत्तर उघडायचं. पर्यायांतून निवडण्यापेक्षा उत्तर स्वतः तयार करावं यावर स्किनर यांचा भर होता. चुकीचे पर्याय मुलांसमोर ठेवणंच त्यांना पटत नव्हतं.

आजची ॲप्स स्किनरचं नाव न घेता त्याचंच प्रबलन (बक्षीस देऊन वर्तन पक्कं करणं) वापरतात, पण भलत्या गोष्टीला. रोज ॲप उघडलं की ‘सलग इतके दिवस’ म्हणून बिल्ला. बक्षीस उघडण्याला मिळतं, येण्याला नाही. साधक अभिसंधानाच्या, म्हणजे वर्तनाच्या परिणामांतून शिकण्याच्या, नियमानं मग कोणतं वर्तन वाढेल? हा प्रश्न टीईटीत यायला हरकत नाही.

तर एसटीचं असं कर. जाताना एकच व्हिडिओ, तोही एकदाच. येताना मोबाइल पर्समध्ये. सकाळी काय ऐकलं ते डोळे मिटून आठव. धक्क्यांमुळे गाडीत लिहिता येणार नाही, म्हणून घरी चहा व्हायच्या आत वहीत पाच-सहा ओळी लिही. त्यात एक ओळ तुझ्या वर्गातल्या एखाद्या खऱ्या पोराबद्दल असावी, ज्याच्यात ती उपपत्ती दिसली. पहिल्या आठवड्यात काहीच आठवणार नाही आणि वेळ वाया जातोय असं वाटेल. सोडू नकोस. आठवताना जी ओढाताण होते, तीच उपयोगी पडते.

उजळणीसाठी अँकीड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे, रेंज नसली तरी चालतं. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून-विसरून विस्मरणाचा वक्र मांडला. त्याच्यावरचा उतारा म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा विचारणं, आणि हे ॲप तेच करतं. मात्र दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेऊ नकोस, स्वतः बनव. पुढच्या बाजूला ‘कोहलर’ असं लिहिण्याऐवजी प्रसंग लिही : ‘गणित सुटत नव्हतं, वही मिटली, भाकरी थापताना एकदम सुचलं.’ मागे ‘मर्मदृष्टी’, म्हणजे उत्तर एकदम उमगणं, ही कोहलरची उपपत्ती.

एआयबद्दल तू लिहिलंयस की नोट्स छान असतात. छान असणारच. पण नोट्स काढताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवण्यात जे डोकं चालतं, ते तुझं चाललं नाही. काम उलटं दे. त्याला सांग : ‘मला उत्तर देऊ नकोस. सहावीच्या वर्गातला एक प्रसंग दे, उपपत्तीचं नाव घेऊ नकोस. मी ओळखते आणि कारण देते. चुकले तर आधी फक्त इशारा दे.’ व्हायगॉट्स्कींचं समीपस्थ विकास क्षेत्र म्हणतात ते हेच : एकटीला जमत नाही, पण जाणकाराच्या आधारानं जमतं. पुढे १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी या आधाराला स्कॅफोल्डिंग म्हटलं, म्हणजे बांधकामावरची परांची. भिंत उभी राहिली की ती सोडवतात. तुझी परांची दीड वर्ष तशीच आहे आणि भिंतीचा पत्ता नाही. आणखी एक सावधगिरी : मराठी पारिभाषिक शब्दांत हे एआय गडबड करतं, अभिजात आणि साधक अभिसंधानाची अदलाबदल करायलाही कमी करत नाही. संज्ञा नेहमी पुस्तकाशी ताडून बघ.

आता चिंतन-नोंद. सहावीवर अपूर्णांकांच्या लहान-मोठेपणाचा पाठ. तू लिहिलंयस : ‘डिजिटल साधनाच्या प्रभावी वापरामुळे विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला व अध्ययन निष्पत्ती साध्य झाली.’ हे वाक्य कुठून आलं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्याच पानाच्या समासात मात्र पेन्सिलनं एक ओळ आहे : ‘व्हिडिओनंतरही निम्मी पोरं १/४ मोठा म्हणाली.’ तुझी खरी नोंद ती आहे, आणि तू ती समासात ढकललीस.

तिथूनच पुढे जा. १/३ पेक्षा १/४ मोठा असं पोरं का म्हणाली? कारण चार तीनपेक्षा मोठा. पूर्णांकांत जे ज्ञान वर्षानुवर्षं कामाला आलं, तेच त्यांनी इथं लावलं. ती वेंधळी नाहीत, त्यांनी तर्क केला आहे. ज्ञानरचनावाद म्हणतो ते हेच : मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, आधीच्या ज्ञानावर नवं ज्ञान स्वतः रचतं. व्हिडिओत पिझ्झाचे तुकडे आपोआप झाले, मुलांनी ते पाहिले. पुढच्या वेळी प्रत्येकाला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दे. एकीच्या घड्या घालून तीन भाग, दुसरीचे चार. (तीन सारखे भाग करताना पोरं धडपडतील. धडपडू दे, त्यातच समजतं.) घडी घालायच्या आधी कोणता भाग मोठा होईल ते वहीत लिहून घे, म्हणजे स्वतःचा अंदाज चुकलेला त्यांना दिसेल. व्हिडिओ लावायचाच असेल तर त्यानंतर लाव.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचं (शाळांच्या एका गटाचं) नाव तू ऐकलं असशील. प्रतिभा भराडे तिथं विस्तार अधिकारी असताना त्या शाळांमधला ज्ञानरचनावाद बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत येऊन पुष्कळांनी तिथल्यासारख्या वर्गाच्या फरश्या रंगवल्या. मुलांना त्या फरशीवर बसवून स्वतः गप्प राहणं अवघड होतं, ते किती ठिकाणी आलं याची मला शंका आहे. स्मार्ट बोर्डाचंही मला तेच होताना दिसतं.

उरला मैत्रिणीचा सल्ला. आधी भरतीचा हिशेब. बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बंद आहे, म्हणून तुझं सगळं लक्ष टीईटीच्या पेपर दोनवर (सहावी ते आठवीच्या) हवं. १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, ते तुझं घरचं मैदान. बालमानसशास्त्राचे ३०. खुल्या प्रवर्गाला ९० लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्या तीसपैकी बावीस-तेवीस मिळाले तरी तुझं गणित जमतं. त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती टीईटीहून वेगळी परीक्षा, १२० मिनिटांत २०० प्रश्न, आणि तिथं वेगाचा सराव लागतो. पवित्र पोर्टलवरच्या (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या) जाहिराती कधी येतील यावर भरवसा ठेवून नुसतं घरी बसू नकोस. गावातल्या एखाद्या शाळेत तासिका तत्त्वावर गणित शिकवायला मिळालं तर घे, मानधन कमी असलं तरी.

एड-टेकमध्ये जाणं वाईट नाही. गणिताचा आशय लिहिणं, प्रश्नपेढी तयार करणं, मराठी माध्यमासाठी धडे आखणं ही कामं खरी आहेत. १/४ मोठा वाटणारी पोरं जिनं समोर पाहिलीत, तिला ती जास्त चांगली जमतात, म्हणून दोन वर्षं वर्गात काढून गेलीस तर तुझा भाव वाढेल. फक्त हुद्द्याच्या नावावर जाऊ नकोस. ‘अकॅडमिक काउन्सेलर’ म्हणून जाहिरात असते आणि प्रत्यक्षात पालकांना फोन करून कोर्स विकायचे असतात, असं माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या बाबतीत झालंय. मुलाखतीत विचार : दिवसात फोन किती, आशयाचं काम किती, आणि पगारातला किती भाग टार्गेटवर अवलंबून आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नकोस, ऑफर लेटरमध्ये लिहून माग.