शिफ्टची नोकरी, चर्च लांब: साताऱ्यात एकट्यानं प्रायश्चित्तकाळ कसा पाळावा?

तुम्ही लिहिलंय की वसईला घरी असताना प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा आपल्या कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा काळ (लेंट), आपोआप पाळला जायचा. आता साताऱ्यात एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, खोलीवर एकटे, जेवण खाणावळीचं आणि दर रविवारी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) मिळेलच याची खात्री नाही. अशात प्रार्थना, चिंतन, उपवास कसा बसवायचा, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते का, असा तुमचा प्रश्न आहे.

खिचडीचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपल्या उपवासात धान्य बदलायचं नसतं, कमी खायचं असतं. दिवसात एकदा पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. खिचडीला मनाई नाही, पण शेंगदाण्याचं कूट घातलेली ताटभर खिचडी आणि वर दही म्हणजे पूर्ण जेवणच झालं. सकाळी चहा आणि एक चपाती, दुपारी भाकरी-पिठलं पोटभर, रात्री वाटीभर आमटी-भात, इतका साधा हिशेब ठेवा. पाणी आणि औषधं कधीही घेता येतात.

असा उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे: राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो लागू असतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे आयुष्यभर. तो या दोन दिवशी तर आहेच, आणि प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारीही पाळावा. मासे, अंडी, दूध चालतं. तांबड्या रश्श्याबद्दल हमखास विचारतात, ‘फोडी बाजूला काढल्या तर?’ रस्सा मटणाच्या अळणी पाण्यावरच होतो, त्यामुळे ही पळवाट काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजारी माणसं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि उपाशीपोटी काम करणं धोक्याचं ठरेल असे कष्टकरी यांना उपवासातून सूट आहे. भट्टीवर किंवा प्रेसवर तुमची ड्यूटी असेल तर चक्कर येईपर्यंत ताणू नका. फादरांशी बोला आणि त्याऐवजी दुसरं काही करा.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक बारकावा. चर्चच्या नियमात दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. मंगळवारी रात्री कामावर गेलात आणि दोन वाजता डबा उघडलात, तर ते जेवण राखेच्या बुधवारच्या खात्यात जमा होतं. दुसरी अडचण खाणावळीची. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे सामिष वार. म्हणजे उपवासाचे दोन्ही दिवस नेमके चिकनच्या वारावर येतात. आदल्या दिवशी मावशींना सांगून ठेवा, नाहीतर डबा उघडल्यावर ‘आता टाकून कसं द्यायचं’ हा प्रश्न उभा राहतो.

तारखांचं गणित सोपं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळले की ४० दिवस उरतात. २०२६ मध्ये ही पौर्णिमा चैत्राची होती, हनुमान जयंतीची, म्हणून ईस्टर ५ एप्रिलला आला. २०२७ मध्ये ती होळीची आहे: राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, उत्तम शुक्रवार २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. त्या वर्षी १९ मार्चला संत जोसेफचा महोत्सव (चर्चच्या सणांतला सगळ्यात वरचा दर्जा) शुक्रवारीच येतो, आणि महोत्सवाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचं बंधन नसतं. त्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं तर निश्चिंत मनानं जा.

आता प्रार्थना. बहुतेकांचा नेम तिसऱ्या आठवड्यात मोडतो, आणि त्याचं कारण आळस नसतं. पहिल्या दिवशी फार मोठं ठरवलेलं असतं: रोज पूर्ण जपमाळ, रोज एक अध्याय, शिवाय चहा बंद, मोबाइल बंद. शिफ्ट बदलली की सगळं एकदम कोसळतं. म्हणून राखेच्या बुधवारआधी चार-पाच दिवस बसून तीनच गोष्टी कागदावर लिहा: एक प्रार्थनेची, एक उपवासाची, एक दानाची. राखेच्या बुधवारच्या मिस्सेत वाचलं जाणारं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा बायबलातला भाग), मत्तयचा सहावा अध्याय, याच तिन्हींबद्दल आहे. आणि वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. ‘सकाळी सहाला’ हे तुमच्यासाठी दर आठवड्याला बदलणार. ‘कामावर निघताना बूट घालायच्या आधी’ हे कुठल्याही शिफ्टला लागू पडतं.

पंधरा मिनिटं पुरतात. त्या दिवसाच्या मिस्सेचं शुभवर्तमान घ्या, शक्यतो छापील बायबलातून. मोबाइलवर वाचलं की मध्येच मेसेज येतो आणि धागा तुटतो. पहिल्यांदा मोठ्यानं वाचा, खोलीत एकटे असलात तरी. दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथे मन अडकेल त्या शब्दावर थांबा. समजा योएलच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘वस्त्रं नव्हे, अंतःकरण फाडा’ हे वचन समोर आलं आणि तुम्ही ‘फाडा’पाशी थांबलात. अर्थ शोधत बसू नका. आपण काय शिवून, झाकून ठेवलंय ते प्रभूला साध्या बोलीत सांगा. मग तीन-चार मिनिटं काहीच बोलू नका. ही शांतता सुरुवातीला जड जाते, विचार पळतात. पळाले की त्या शब्दावर परत या. शेवटी वहीत एक ओळ लिहा, एकच. दोन पानं लिहायला लागलं की प्रार्थना राहते आणि निबंध सुरू होतो.

रविवारची मिस्सा चुकलीच, तर निदान त्या रविवारची वाचनं चुकवू नका. पहिल्या रविवारी अरण्यातली परीक्षा आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरचं रूपांतर, हे दरवर्षी ठरलेलं. २०२७ मध्ये पुढे मंदिराचं शुद्धीकरण, निकदेमाशी संवाद आणि जमिनीत पडून मरणारा गव्हाचा दाणा, तिन्ही योहानाच्या शुभवर्तमानातून.

शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांची प्रार्थना, खोलीतही करता येते. कागदाचे चौदा छोटे क्रूस कापून त्यांवर आकडे टाका आणि भिंतीवर ओळीनं चिकटवा. प्रत्येकापाशी प्रसंगाचं नाव घ्या, गुडघा टेका, अर्धा मिनिट गप्प उभे राहा, ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा आणि पुढच्या क्रुसाकडे चाला. चालणं सोडू नका. एका जागी बसून चौदा प्रार्थना वाचल्या की ते पाठांतर होतं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सातारा-सांगलीकडे प्रॉटेस्टंट शेजारी आणि सहकारी पुष्कळ भेटतात, आणि ते विचारतात की येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका बायबलात कुठे आहे. ती तिथे नाही. तीन वेळा पडणं आणि वाटेत आईची भेटही नाही. ते परंपरेतून आलंय, असं सरळ सांगा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये सगळे प्रसंग बायबलातलेच असलेली क्रुसाची वाट केली होती. अशा मित्राला सोबत घ्यायचं असेल तर ती वापरा.

दानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते उपवास कोरडा पडतो तो त्यामुळेच. न खाल्लेल्या चिकनचे पैसे खिशातच राहिले तर ती बचत झाली. एक डबा ठेवा आणि ज्या दिवशी सोडलं त्याच दिवशी तेवढे पैसे त्यात टाका. महिन्याअखेरचा हिशेब कधीच जमत नाही. कॅरितास इंडियाची भूक आणि रोगाविरुद्धची मोहीम याच काळात असते, तिथे देता येतात. पण तुम्ही राहता तिथे आणखी जवळची जागा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोड चालू असते आणि फडाजवळ तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) पडलेल्या असतात. तिथे जुने कपडे घेऊन जाऊ नका. आधी जाऊन विचारा काय लागतंय. बहुधा पीठ, तेल, लेकरांची औषधं, अंधारात उजेडासाठी बॅटरी असलं काही निघतं. फोटो काढू नका. मत्तयच्या त्याच अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असं लिहिलंय.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात त्या राखेबद्दल थोडं. ती मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. राख लावून घेणं बंधनकारक नाही, आणि त्या दिवशीची मिस्साही नाही. शिफ्टमुळे हुकली तर अपराधी वाटून घेऊ नका. उपवास मात्र तुमच्या हातात आहे.

पापनिवेदन (कन्फेशन) शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. लहान धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादर एकटे असतात, पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) रांग मोठी होते आणि घाईत बोललं जातं. चौथ्या रविवारच्या आत फोन करून वेळ घ्या. आदल्या रात्री दहा मिनिटं मन तपासा. तिथे सुपरवायझर कसा वागतो ते सांगत बसू नका, आपण काय केलं तेवढंच सांगा; गंभीर पाप असेल तर काय आणि किती वेळा, हेही.

आणि रजेचा अर्ज आत्ताच टाका. उत्तम शुक्रवारची सुट्टी बहुधा मिळते. अडतं ते आदल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेला आणि शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणविधीला. शुक्रवारी मिस्सा नसते, दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचा विधी असतो. शनिवारचा जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू होतो, त्यामुळे परतीची एसटी मिळेलच असं नाही. त्या रात्री चर्चजवळ कुणाकडे मुक्काम होईल का, हे फादरांना आधीच विचारून ठेवा.