सिडनीला मटेरियल्सची पीएचडी करायला यायचंय, तर आधी भट्टीचं विचार

तू विचारलंयस की पुण्यात मेटलर्जीचं बीटेक झालंय, आता सस्टेनेबल मटेरियल्समध्ये पीएचडी करायचीय, कचऱ्यातून उपयोगी मटेरियल बनवणाऱ्या इथल्या प्राध्यापक वीणा सहजवाला मॅडमसारखं काम करायचंय, तर सिडनीला यावं का. मी इथे अकरा वर्षं आहे आणि याच फील्डमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मॅडमचा रस्ता नीट बघ. वाढल्या मुंबईत, जिथे भंगारवाला-रद्दीवाला दारात येतो आणि काहीच सहजासहजी फेकलं जात नाही, ते बघत मोठ्या झाल्याचं त्या स्वतः खूपदा सांगतात. पण शिकल्या काय? आयआयटी कानपूरला मेटलर्जी, मग कॅनडात मास्टर्स, मिशिगनला पीएचडी, ऑस्ट्रेलियात आल्यावर आधी सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था आणि मग यूएनएसडब्ल्यू, म्हणजे सिडनीतलं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ. तिथलं त्यांचं स्मार्ट सेंटर हे संशोधन केंद्र २००८ चं, ई-कचऱ्यातून मटेरियल काढणारा छोटा कारखाना, म्हणजे मायक्रोफॅक्टरी, २०१८ ची. म्हणजे कचऱ्यासाठी जग त्यांना ओळखायला लागलं त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्या पोलाद आणि कार्बन शिकत होत्या, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

टायरचंच घे. विजेच्या ठिणगीने (आर्कने) पोलाद वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क भट्टीत वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, कोक (कोळशापासून केलेला कार्बन) फुंकतात, स्लॅगमधल्या आयर्न ऑक्साइडशी कार्बनची रिअ‍ॅक्शन होऊन वायू सुटतो आणि स्लॅग फेसाळतो, तो फेस आर्कवर पांघरुणासारखा बसतो म्हणून वीज वाचते. मॅडमनी दाखवलं की कोकचा काही भाग काढून तिथे जुन्या टायरचं रबर घातलं तर फेस उलट चांगला येतो, कारण रबरातून कार्बनबरोबर हायड्रोजनही मिळतो. हे पेपरात राहिलं नाही, इथल्या भट्ट्यांमध्ये लाखो टायर गेलेत. आमच्या लॅबमध्येही मी तसला प्रयोग केलाय, १५५० डिग्रीला आडव्या नळीच्या भट्टीत कार्बनच्या टिकलीवर स्लॅगचा तुकडा ठेवायचा, तो वितळून थेंब होतो आणि कॅमेऱ्यात तो थेंब दूध उतू जाताना फुगतं ना अगदी तसा फुगताना दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो. आणि पहिल्याच वर्षी घाईने तापमान चढवलं म्हणून भट्टीची अ‍ॅल्युमिनाची (सिरॅमिकची) नळी तडकली, नवी यायला सात आठवडे गेले, तेव्हापासून मिनिटाला पाच डिग्रीच्या वर मी जात नाही.

म्हणून माझं म्हणणं, प्रोजेक्टच्या नावात सस्टेनेबल आहे का हे बघू नकोस, तिथे तुला थर्मोडायनॅमिक्स आणि कायनेटिक्स, म्हणजे रिअ‍ॅक्शन होईल का आणि किती वेगाने होईल, हे हाताने शिकायला मिळेल का ते बघ. इथे पीएचडीला अमेरिकेसारखा कोर्सवर्क फारसा नसतो, साडेतीन वर्षं साधारण, पहिल्या दिवसापासून रिसर्च, त्यामुळे बेसिक्स कच्चे असतील तर ते भरून काढायला कुणी वर्ग घेत नाही. अर्जाआधी गाईडशी मेलवर बोलणं व्हायलाच हवं, कारण गाईड तयार नसेल तर बहुतेक ठिकाणी अर्ज पुढे सरकत नाही. त्या मेलमध्ये त्यांचा एक पेपर नीट वाचून एक खरा प्रश्न विचार, सगळ्यांना एकच मेल पाठवू नकोस. स्कॉलरशिप मिळाल्याशिवाय मात्र येऊ नकोस, घरच्यांच्या पैशावर पीएचडी करायला हे शहर फार महाग आहे.

राहण्याचं म्हणशील तर आपली माणसं, किराणा, गणपती सगळं सिडनीच्या पश्चिमेला पॅरामाटा-वेंटवर्थविलकडे, आणि यूएनएसडब्ल्यू पार पूर्वेला केन्सिंग्टनला, रोज एका बाजूचा तासाच्या वर प्रवास. पहिलं वर्ष तरी लॅबच्या जवळच खोली घे, भट्टी रात्री थंड होईपर्यंत थांबावं लागतं.

नोकरीचं खरं सांगतो, प्राध्यापकाच्या जागा अगदी मोजक्या निघतात. पण पोलाद, खाणी, बॅटरी रिसायकलिंग इथे भट्टीजवळ उभं राहिलेल्या माणसाला विचारतात, मलाही तसंच घेतलं. तुझा बीटेकचा प्रोजेक्ट कशावर होता ते कळव, मग कुठल्या ग्रुपला लिहायचं ते बघू.