मुंगी कोणत्या प्रजातीची (जीनसची) हे कसं ओळखायचं?

रंग आणि आकारावर जाऊ नका. एकाच वारुळातले लहान-मोठे मुंगळे दोन वेगळ्या जातींचे वाटतात, तिथेच बहुतेकांची फसगत होते. मुंगी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दहापट भिंगाखाली बाजूने पाहा.

आधी कंबरेच्या, म्हणजे छाती आणि उदर यांच्यामधल्या बारीक भागावरच्या, गाठी मोजा. एकच गाठ, पाठीची सलग कमान, नांगी नाही आणि उदराच्या टोकाला केसांची झालर असलेलं गोल छिद्र, तर कॅम्पोनोटस. आपला नेहमीचा काळा मुंगळा यातलाच. तसंच छिद्र, पण पाठीवर किंवा गाठीवर काटे असतील तर बहुधा पॉलिरॅकिस. मात्र गाठीवर दोन काटे आणि टोकाला नांगी दिसली तर डायकॅमा. हाताळताना जपून, चावा नव्हे, डंख बसतो.

दोन गाठी असून दुसरी उदराला वरच्या बाजूने जोडलेली, उदर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं: क्रेमॅटोगॅस्टर. डिवचल्यावर ती उदर डोक्यावर उचलते, त्यामुळे भिंगाशिवायही कळते.

बारीक लाल मुंग्यांचं काम किचकट. शृंगिकेचे (डोक्यावरच्या मिशीचे) भाग मोजावे लागतात: १० भाग आणि टोकाचे दोन फुगीर, तर सोलेनॉप्सिस, फेडोलेत सहसा १२ आणि तीन फुगीर. यासाठी चाळीसपट सूक्ष्मदर्शक हवा, मोबाइलच्या फोटोवर भागत नाही.